कुणीच दाद दिली नाही तर विचाराला मोल उरतं का?

पाटीपेन्सिल
बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहूनच टाकते. मी घरी काही मुलांना गणित शिकवते. त्यातली एक तिसरीतली मुलगी परवा वही घेऊन आली, वजाबाकीचं पान, आणि पानभर लाल फुल्या. पहिलंच गणित ५३ वजा २८. तिने हातचा घेतलाच नव्हता. तिने काय केलेलं तर ५० तून २० गेले, राहिले ३०, मग ३ तून ८ जात नाहीत, ५ कमी पडतात, म्हणून बाजूला बारीक अक्षरात "५ कमी" लिहून ठेवलेलं आणि शेवटी ३० तून ते ५ काढून टाकले. २५. दहाच्या दहा गणितं याच रीतीने, दहाही उत्तरं बरोबर, दहावरही फुली, आणि खाली शेरा, "शिकवलेल्या पद्धतीने सोडव". तिला हे कुणी सांगितलेलं नाही, तिचं तिनेच शोधलंय. मला विचारलं, माझी रीत चुकलीय का? मी म्हटलं नाही गं, बरोबर आहे. तर म्हणाली, "मग ती बरोबर कधी होणार?"

तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. तिच्या लेखी बरोबर होणं म्हणजे कुणीतरी मोठ्या माणसाने पेनाने खूण करणं. आणि बघायला गेलं तर आपणही मोठेपणी तेच करतो ना, किती लोकांना पटलं, किती जणांनी उचलून धरलं, त्यावरून ठरवतो विचारात दम आहे की नाही. पाचामुखी परमेश्वर.

माझं मत आधीच सांगते. मोल आधी असतं, दाद नंतर मिळते, कधीकधी मिळतच नाही. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलचं बघा. मठातला माणूस, वर्षानुवर्षं वाटाण्याची रोपं लावून दाणे मोजत बसला. एका प्रयोगात ७३२४ दाणे, त्यातले ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले, म्हणजे जवळपास तीनास एक. १८६५ मध्ये ब्रनोला दोन बैठकांत वाचून दाखवलं, १८६६ मध्ये छापून आलं, आणि पुढे जवळजवळ काहीच नाही. १८८४ मध्ये माणूस गेला. १९०० मध्ये जगाला त्याची आठवण झाली. मधल्या चौतीस वर्षांत ते तीनास एक खोटं होतं का? वाटाणे त्याच हिशोबाने उगवत होते की!

तुम्हाला काय वाटतं ते मनापासून लिहा.

निवांत_वाचक
चांगला विषय. त्या मुलीला सांगा तिची रीत मलाही कळली आणि आवडली. सविस्तर नंतर लिहितो.

काठावरचा
ताई, वहीचा किस्सा मनाला लागला, तिथे शिक्षकांची चूकच आहे. पण मूळ मुद्दा मला पटलेला नाही.

मेंडेलचं नाव तुम्हाला माहीत कसं झालं? १९०० नंतर लोकांनी त्याला मानलं म्हणून. या विषयावर कुणीही बोलायला लागलं की जी उदाहरणं देतात ती सगळी उशिरा का होईना दाद मिळालेल्यांचीच असतात. ज्याला कधीच दाद मिळाली नाही अशा विचाराचं एकही उदाहरण तुम्ही देऊ शकणार नाही, कारण तो आपल्याला माहीतच नसणार. म्हणजे ज्याच्यावर तुमचा सगळा दावा उभा आहे ते तपासताच येत नाही. मग "मोल होतंच" हे म्हणायचं कशाच्या जोरावर? दुसरं म्हणजे सत्य आणि मोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ७३२४ दाणे ही वस्तुस्थिती झाली, कबूल. पण माझ्या अंगणातल्या झाडाला आज किती पानं आहेत हेही सत्यच आहे, त्याला कुणी मोल देतं का? सत्याला मोल येतं ते कुणालातरी त्याची गरज वाटते तेव्हा. गरज वाटणारा माणूसच काढून टाकला तर मोल कुठे राहिलं?

रात्रपाळी
@काठावरचा तुमचा प्रश्न रास्त आहे पण मी नर्स आहे आणि मला लगेच सेमेलवाइस नावाचा डॉक्टर आठवला, त्यामुळे जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

व्हिएन्नाच्या मोठ्या हॉस्पिटलात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि शिकाऊ डॉक्टर, दुसऱ्यात सुईणी. १८४६ मध्ये पहिल्या विभागात शंभरातल्या अकराच्या वर बायका बाळंतपणाच्या तापाने मरत होत्या आणि दुसऱ्यात तीनसुद्धा नाही. बायकांना हे माहीत होतं, पहिल्यात घालू नका म्हणून त्या हातापाया पडायच्या. सेमेलवाइस तिथेच कामाला, त्याला हा फरक कळेना. गर्दी म्हणावी तर दुसऱ्यात जास्त, हवा तीच, इमारत तीच. मग १८४७ मध्ये त्याचा एक डॉक्टर मित्र शवविच्छेदन चालू असताना सुरी लागून आजारी पडला आणि गेला, आणि त्याच्या शरीरात जे दिसलं ते त्या बाळंतिणींसारखंच होतं. तेव्हा याच्या डोक्यात प्रकाश पडला, की डॉक्टर मुडदे चिरून तसेच प्रसूतीला येतात, सुईणी मुडद्यांना हातच लावत नाहीत. त्याने दारात ब्लीचिंग पावडरसारख्या क्लोरीनच्या पाण्याचं भांडं ठेवलं आणि हात धुतल्याशिवाय आत यायचं नाही असा नियम केला. त्या एप्रिलमध्ये मृत्यूचं प्रमाण अठरा टक्क्यांच्या आसपास होतं, जूनमध्ये दोनच्या आसपास आलं.

बऱ्याच मोठमोठ्या डॉक्टरांनी ते मानलं नाही. काहींना अपमान वाटला, की आमचे हात घाण कसे. त्याला व्हिएन्ना सोडावं लागलं, आणि १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात तो मेला, वय सत्तेचाळीस.

आता मला सांगा, जून १८४७ मध्ये ज्या बाईला ताप आला नाही आणि जी आपलं बाळ घेऊन घरी गेली, तिला त्या विचाराचं मोल मिळालं की नाही? तिने सेमेलवाइसचं नावही ऐकलं नसेल. तिने त्याला दाद दिलेली नाही, त्याचं म्हणणं तिला कळलेलंही नाही, तरी ती जिवंत आहे. तुम्ही म्हणता गरज वाटणारा माणूस लागतो. गरज असणं आणि गरज वाटणं यातच तर सगळी गोम आहे हो. गरज त्या बाईला होती. वाटत नव्हती ती प्रोफेसरांना.

माझाही एक अनुभव सांगते. पूर्वी एका ठिकाणी कामाला होते तिथे दोन इंजेक्शनच्या अँप्युल अगदी सारख्या दिसायच्या, तोच आकार, तसंच निळसर अक्षर, आणि दोन्ही शेजारशेजारच्या खणात. रात्री तीन वाजता डोळ्यांवर झापड असताना हात चुकीच्या खणात जायला कितीसा वेळ लागतो. मी दोनदा सांगितलं की वेगळ्या कपाटात ठेवा. ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. वर्षाने एक नवीन सिनिअर आल्या, त्यांनी हेच सांगितलं, त्याच संध्याकाळी खण बदलले. मला श्रेय नकोय. पण धोका ते वर्षभर तिथेच होता, आणि तो टाळायचा उपायही.

लोखंडी_पूल
@रात्रपाळी, तो अँप्युलचा किस्सा प्रत्येक कामाच्या जागी वाचून दाखवायला हवा.

पण एक सावधगिरीची गोष्ट मांडतो. सेमेलवाइसची गोष्ट ऐकली की ज्याचा विचार नाकारला गेलाय असा प्रत्येक जण स्वतःला सेमेलवाइस समजायला लागतो. आमच्या इंजिनिअरिंगमध्ये ऊर्जा न घालता अखंड चालणारं यंत्र घेऊन येणारे लोक भेटतात, दर वेळी त्यांचं म्हणणं एकच, की जगाला अजून समजलेलं नाही. नाकारलं जाणं हा मोल असल्याचा पुरावा नाही. नाकारलेल्या विचारांतले बहुसंख्य विचार टाकाऊच असतात, ते कुणी लक्षात ठेवत नाही म्हणून आपल्याला नाकारलेले विचार म्हटल्यावर हिरेच आठवतात.

आणि ताईंच्या बाजूचंही एक सांगतो, उलट्या टोकाने. १९०३ मध्ये फ्रान्समध्ये ब्लाँदलो नावाच्या नावाजलेल्या भौतिकशास्त्रज्ञाने एन किरण नावाचे नवे किरण शोधल्याचं जाहीर केलं. मग कितीतरी शास्त्रज्ञांना ते दिसायला लागले, त्यावर पेपरवर पेपर निघाले. म्हणजे दाद तर भरभरून, आणि तीसुद्धा जाणकारांची. १९०४ मध्ये वूड नावाचा अमेरिकन शास्त्रज्ञ त्यांच्या प्रयोगशाळेत गेला. खोलीत अंधार, कारण किरणांचा परिणाम म्हणजे अंधुक चमकेत पडणारा बारीकसा फरक. वूडने अंधाराचा फायदा घेऊन उपकरणातला प्रिझम गुपचूप काढून घेतला, ज्याच्याशिवाय काही दिसायलाच नको. समोरचे लोक तरीही आकडे वाचतच राहिले. संपलं तिथेच. दाद मिळाल्याने मोल तयार होत असतं तर एन किरण आज शाळेत शिकवले असते.

अबोली_७
एन किरणांचं माहीत नव्हतं, धन्यवाद. मी विज्ञानातली नाही म्हणून वेगळ्या बाजूने विचारते.

गुलामगिरीचं काय करायचं? हजारो वर्षं बहुतेक समाजांनी ती चालवून घेतली, शिकल्यासवरलेल्या लोकांनी तिची बाजू मांडली. बेंजामिन ले म्हणून क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा एक माणूस होता, त्याने गुलामगिरीविरुद्ध पुस्तक छापलं तर १७३८ मध्ये त्याच्याच पंथाच्या लोकांनी त्याला दूर केलं. ब्रिटनने गुलामांचा व्यापार बंद केला तो १८०७ मध्ये. आता काठावरचा यांच्या म्हणण्याने गेलं तर १७३८ मध्ये लेच्या विचाराला मोल नव्हतं आणि मधल्या काळात कधीतरी ते आलं, कारण पुरेशा लोकांना पटलं. मला हे मान्यच करता येत नाही. साखळीतला माणूस १७३८ मध्येही तितकाच माणूस होता. आणि बहुमत बदलल्यावर न्याय बदलतो असं धरलं तर उद्या बहुमत परत उलटं फिरलं की आपण कुठल्या तोंडाने नाही म्हणणार? वेगळं मत मांडणाऱ्या माणसाच्या पायाखाली जमीनच राहत नाही मग.

काठावरचा
@अबोली_७ हा मुद्दा मला अडवतोय, खरं सांगतो. दोन दिवस विचार केला म्हणून उशिरा लिहितोय.

गुलामगिरीबद्दल मी माघार घेतो. तिथे बहुमताने मोल ठरतं असं म्हणायची माझी तयारी नाही. रात्रपाळी यांचं गरज असणं आणि वाटणं हेही मान्य. पण माझी शंका संपलेली नाही, फक्त सरकली आहे. आतापर्यंतच्या सगळ्या उदाहरणांत कुणीतरी जीव आहे ज्याचं बरंवाईट होतंय. बाळंतीण आहे, गुलाम आहे. म्हणजे मोल पब्लिकच्या टाळ्यांवर नसेल, पण कुणाच्यातरी जगण्यावर आहे. मग निव्वळ कल्पना घ्या. बूल नावाच्या गणितज्ञाने १८५४ मध्ये तर्काचं बीजगणित मांडलं, हो-नाहीचं गणित. त्या वेळी त्याने कुणाचा ताप उतरला नाही. १९३७ मध्ये शॅनन नावाच्या इंजिनिअरने दाखवलं की विजेच्या स्विचांना ते जसंच्या तसं लागू पडतं, आणि आज आपण ज्यावर टाइप करतोय त्या यंत्राच्या पोटात तेच आहे. १८५४ मध्ये त्याचं मोल किती? पूर्ण? शून्य? की स्विच जन्माला आल्यावर वाढलं? मला वाटतं वाढलं. आणि वाढत असेल तर ते विचाराच्या आत नाही, विचार आणि जग यांच्या मधे कुठेतरी आहे.

लोखंडी_पूल
@काठावरचा मधे आहे हे मला मान्य आहे. पुलाची ताकदसुद्धा त्यावरून किती वजन जातं याच्याशी जोडूनच मोजतात. पण लोकांना पूल आवडतो का याच्याशी नाही. जगाशी नातं असणं वेगळं आणि वाहवा मिळणं वेगळं. बूलच्या गणितात स्विचांना लागू पडण्याची कुवत १८५४ मध्येच होती, शॅननने ती वापरली. शॅननने बूलला चार शाबासक्या दिल्या असत्या आणि गणित आतून चुकीचं असतं तर एकही सर्किट चाललं नसतं.

निवांत_वाचक
आता सविस्तर. सगळे प्रतिसाद दोनदा वाचले.

काठावरचा यांनी पहिल्याच प्रतिसादात जे विचारलं, की कधीच दाद न मिळालेल्या विचाराचं मोल कशाच्या जोरावर मानायचं, त्याला अजून कुणी हात घातला नाही म्हणून मी प्रयत्न करतो. माझं उत्तर असं, की तोच विचार वेगवेगळ्या माणसांना, एकमेकांचा पत्ता नसताना, सापडतो. मेंडेलचंच घ्या. १९०० मध्ये डी व्ह्रीस आणि कोरेन्स हे वनस्पतिशास्त्रज्ञ, दोघेही आपापल्या रोपांवर काम करत त्याच तीनास एकपाशी पोचले, मग मागचं वाचताना त्यांना मेंडेल भेटला. म्हणजे मेंडेलचा पेपर जळून गेला असता तरी तीनास एक आपल्याला मिळालंच असतं. शाळेत शिकतो त्या युक्लिडच्या भूमितीपेक्षा वेगळी भूमिती बोल्याईने हंगेरीत आणि लोबाचेव्हस्कीने रशियात स्वतंत्रपणे उभी केली, १८३० च्या आगेमागे. गाऊस या गणितज्ञालाही ती आधीच सुचली होती, त्याने छापली नाही. तीन माणसं तीन वाटांनी चालत एकाच विहिरीपाशी येत असतील तर विहीर त्यांच्या डोक्यात नाही, तिथे आहे.

आणि फ्रेंच गणितज्ञ गाल्वा. १८३२, वय वीस, दुसऱ्या दिवशी द्वंद्व आहे हे माहीत असताना रात्री बसून मित्राला पत्र लिहिलं, त्यात आपलं गणित थोडक्यात मांडलं, जुन्या कागदांच्या कडेला दुरुस्त्या केल्या, एका जागी लिहिलं की हे पूर्ण करायला वेळ नाही. गोळी लागली, एक दिवसाने गेला. लिऊव्हिल या गणितज्ञाने ते कागद १८४६ मध्ये छापले. ती चौदा वर्षं कागद जणू कुठल्यातरी खणातच पडून होते, कुणाला नीट समजलेही नव्हते, आणि पाचव्या घाताचं समीकरण सर्वसाधारण सूत्राने का सुटत नाही आणि कुठलं सुटतं याचं उत्तर त्यांच्यात लिहिलेलं होतं. खण उघडल्याने ते बरोबर झालं नाही, आपल्याला दिसलं इतकंच.

भाषेचंही सुचलं ते लिहितो. आपण दाद "देतो" आणि दाद "मागतो". गाणं आवडलं की दाद देतो, अन्याय झाला की दाद मागतो. शब्द एकच. कुठेतरी आपल्या भाषेने हे धरून ठेवलंय की चांगल्या गोष्टीला दाद मिळणं ही मेहेरबानी नाही, न्याय आहे. आणि न्याय मागायचा म्हणजे आधी काहीतरी आपलं असावं लागतं जे नाकारलं गेलंय.

तानपुरा
@निवांत_वाचक विहिरीचा मुद्दा फार आवडला पण तिथेच माझी अडचण सुरू होते. गाण्याचं काय? मेंडेल नसता तर दुसऱ्याला तीनास एक सापडलं असतं. पण जर्मन संगीतकार बाख नसता तर त्याची रचना दुसऱ्या कुणाला "सापडली" नसती. तिथे एकच विहीर आणि ती खणणाराही एकच. मग तिथे मोल वस्तुनिष्ठ म्हणायचं का?

एक प्रयोग सांगतो, साल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स यांचा, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला. इंटरनेटवर चौदा हजारांच्या वर लोक, अनोळखी बँडची ४८ गाणी. काही लोकांना फक्त गाणी दाखवली. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या जगांत वाटून टाकलं, आणि प्रत्येक जगात त्याच जगातल्या लोकांनी कुठलं गाणं किती वेळा डाउनलोड केलं तो आकडा दिसत होता. गाणी तीच, तरी आठ जगांत वेगवेगळी गाणी वर गेली. एका जगात जे हिट ते दुसऱ्या जगात कुठेतरी मधल्या फळीत. म्हणजे लोकप्रियतेत नशिबाचा मोठा वाटा, हे उघड दिसलं. पण त्यातच दुसरी गोष्ट निघाली जी लोक सांगायला विसरतात, की स्वतंत्रपणे ऐकणाऱ्यांना सगळ्यात चांगली वाटलेली गाणी कुठल्याच जगात सहसा तळाला गेली नाहीत, आणि सगळ्यात वाईट वाटलेली सहसा वर आली नाहीत. मधली गाणी मात्र कुठेही जाऊ शकत होती.

मी हे असं वाचतो की गाण्यात काहीतरी असतंच, फक्त गर्दीच्या गोंगाटात ते धूसर होतं. आणि गर्दी नसताना, एकट्याने, कान देऊन ऐकणाऱ्याला ते जास्त स्वच्छ ऐकू येतं. बाख १७५० मध्ये गेला. त्याची एक मोठी रचना मेंडेल्सोन या संगीतकाराने १८२९ मध्ये बर्लिनला पुन्हा उभी केली तेव्हा लोकांचं लक्ष परत त्याच्याकडे वळलं. पण मधल्या काळात त्याच्या वह्या बंद नव्हत्या. मोझार्ट त्या वाचत होता, बेथोव्हेन लहानपणी त्या वाजवून शिकला. पब्लिकने सोडलं होतं, जाणकारांनी सोडलं नव्हतं. म्हणून मला वाटतं पब्लिकची दाद आणि जाणकाराची दाद एकाच तागडीत टाकू नये.

काठावरचा
@तानपुरा पण एन किरणांच्या वेळी जाणकारच फसले होते, ते विसरू नका. जाणकारांचीही जत्रा होते कधीकधी.

तानपुरा
बरोबर. म्हणून तर वूडसारखा प्रिझम काढून बघणारा लागतो. गाण्यात प्रिझम कसा काढायचा ते मला माहीत नाही, मी फक्त पुन्हा ऐकतो, काही महिन्यांनी, नाव विसरून.

रात्रपाळी
@लोखंडी_पूल तुमच्या सावधगिरीवर विचार केला. सेमेलवाइसच्या बाबतीतही हे आहे की त्याने आपलं पुस्तक १८६१ मध्ये काढलं, म्हणजे भांडं दारात ठेवल्यावर चौदा वर्षांनी, आणि विरोधकांना लिहिलेली पत्रं इतकी जहाल की ऐकणारेही दूर गेले. शिवाय हात धुतल्याने नक्की काय मरतं हे त्याला सांगता येत नव्हतं, जंतूंचं शास्त्र अजून यायचं होतं. विचाराला मोल आपोआप असेल, पण तो दुसऱ्यापर्यंत पोचवण्याचं काम आपोआप होत नाही. मीही अँप्युलचं दोनदाच सांगितलं. तिसऱ्यांदा लेखी द्यायला हवं होतं, हे मला अजून टोचतं.

पाटीपेन्सिल
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं भरभरून लिहाल असं वाटलं नव्हतं.

काठावरचा, तुमच्यामुळे मला माझं म्हणणं बदलावं लागलं. "मोल विचाराच्या आत असतं" असं मी आता म्हणणार नाही. विचार जगाला लागू पडतो की नाही, कुणाचं दुःख कमी करतो की नाही, कान देणाऱ्याला काही देतो की नाही, तिथे ते असतं. पण ते टाळ्यांत नसतं यावर मी ठाम आहे.

काल ती मुलगी आली होती. मी तिला बरोबर-चूक काहीच सांगितलं नाही, फक्त विचारलं की तुझी रीत नेहमी चालते का कसं कळेल? ती म्हणाली अवघड गणित द्या. मी ५००२ वजा १३७८ दिलं, हातचा घेणाऱ्या मुलांची त्या दोन शून्यांवर नेहमी त्रेधा उडते. तिने पाटीवर लिहिलं, ५००० तून १००० गेले ४०००. मग खाली एकाखाली एक, ३०० कमी, ७० कमी, ६ कमी. थोडा वेळ पेन्सिल तोंडात धरून बघत बसली. मग ३७००, ३६३०, ३६२४. मी पाटीकडे हात नेला तर तिने पाटी स्वतःकडे ओढली आणि म्हणाली, थांबा, तुम्ही नका सांगू, आणि ३६२४ मध्ये १३७८ मिळवायला बसली.